मामंजींच्या पेटीतला उंदीर

माझ्या सासरी दागिने उघड्या फडताळात, चहाच्या डब्यामागे ठेवलेले असत. घराला कुलूप लावायचं म्हटलं तर आधी ते शोधावं लागे. पण ओसरीच्या टोकाला एक पत्र्याची पेटी होती, तिला मात्र जाडजूड पितळी कुलूप होतं आणि त्याची किल्ली माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामंजींच्या, करगोट्याला बांधलेली असे. ती आंघोळीलाही सुटत नसे. लग्न होऊन मी लोणावळ्याला आले तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याने सोनंनाणं साठवलेलं दिसतंय. नव्या सुनेला तोंड बंद ठेवता येतं, नाक कसं ठेवणार? त्या पेटीवरून जाताना जो वास यायचा तो सोन्याचा नव्हता.

पेटीत खत होतं. मामंजी त्याला 'मसाला' म्हणत. भुईमुगाची पेंड, करंजाची पेंड, कडक वाळवलेलं शेण, बकरीच्या लेंड्या आणि चुलीतली राख, हे सगळं उन्हाळ्यात गोणपाटावर पसरून वाळवायचं, कुटायचं, चाळायचं आणि पेटीत भरायचं. माझी पिठाची चाळण पहिल्याच वर्षी या कामी गेली आणि परत स्वयंपाकघरात आली नाही. दिसायला हा मसाला हुबेहूब शेंगदाण्याच्या चटणीसारखा. माझ्या नवऱ्याने लहानपणी तो एकदा भाकरीशी खाल्ला होता म्हणे. त्यावर मामंजी एवढंच म्हणाले होते, "मग उंची का नाही वाढली?"

मामंजी मूळचे मळवलीच्या पलीकडल्या एका गावचे, भातशेती करणाऱ्या घरातले. पण चिखलाला कंटाळून तरुणपणीच रेल्वेत लागले आणि सगळी नोकरी खंडाळा-लोणावळा अशी घाटाच्या तोंडाशीच केली. स्टेशनावरच्या फुलांच्या कुंड्या सांभाळायचं काम कधीतरी त्यांच्या गळ्यात पडलं आणि पुढे त्यांना त्याचंच वेड लागलं. निवृत्त झाल्यावर भुशीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांनी पत्र्याचं घर बांधलं, आणि ओसरीवर शेवंतीच्या कुंड्यांची रांग लावली. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा लोको शेडमध्ये, त्याची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. मी पुण्याच्या मास्तरांची मुलगी, बडबडी. माहेरी माझं तोंड बंद करायला माणसं लागत. इथं बोलायला माणूसच नाही. मामंजी बोलायचे, पण कुंड्यांशी.

त्यांचे नियम ठरलेले होते. रोप एका कुंडीतून दुसरीत हलवायचं तर आधी बुडाच्या भोकावर खापरी, तिच्यावर वाळू, मग माती. मातीत मसाला मिसळायचा तो करवंटीच्या पळीने, आणि मसाला मुळाला लागता कामा नये, मधे साध्या मातीचा थर हवा. "तापलेल्या तव्यावर कुणाला बसवतात का?" असं ते मला विचारत, जणू मीच कुणाला तरी बसवायला निघाले होते. नंतर पाणी, हळूहळू, बुडातून निथळेपर्यंत. खालून पाणी आलं की झाडाचं पोट भरलं. पुढे महिन्याकाठी वरून चिमूटभर मसाला, पण तोही ओल्या मातीवर. कोरड्या मातीवर कोरडं खत टाकणाऱ्याला ते माणसात धरत नसत. मला त्यांनी एकदा टाकताना पकडलं होतं, तेव्हा मी बरेच दिवस माणसात नव्हते.

अशा या घरात वैशाखात आत्याबाई आल्या. मामंजींची थोरली बहीण. मळवलीला गाडीत बसून आल्या आणि लोणावळ्याच्या स्टेशनावरून डोक्यावर बोचकं घेऊन थेट ओसरीवर. बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. आपल्या वाटणीची भातखाचरं त्या स्वतः कसत होत्या. पण त्या वर्षी दिराने ठरवलं, वहिनी म्हातारी झाली, आता आपणच कसू. वहिनीने घरात बसावं, म्हैस सांभाळावी आणि दोन वेळा जेवावं. आत्याबाईंना जेवण मान्य होतं, बसणं मान्य नव्हतं.

"चार दिस ऱ्हाते," त्या म्हणाल्या.

"दिवाळीपर्यंत राहा," मामंजी म्हणाले. "भाऊबीज झाली की तुझा पुतण्या येईल न्यायला." म्हणजे राहा म्हणतानाच जाण्याचीही सोय करून टाकली. या दोघांचं लहानपणापासून पटत नव्हतं. एकाने पूर्व म्हटली की दुसऱ्याने पश्चिम म्हणायचं, हा त्यांच्या घराण्याचा धर्म.

मला मात्र बाई पहिल्या दिवशीच आवडल्या. त्यांनी माझ्या भाकरीकडे पाहून सांगितलं, "पोरी, ही भाकर हाय का भारताचा नकाशा?" आणि मग तीच भाकर आवडीने खाल्ली. त्या घरात माझ्याकडे बघून कुणी हसलं असं ते पहिल्यांदाच. त्यांनी दिवाळीनंतर जाऊ नये, असं मी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं.

पण बाईंना गप्प बसवेना. आल्यावर चार-आठ दिवसांत मी आडावर कपडे धूत असताना घराकडून धूर येताना दिसला. धावत गेले तर ओसरीसमोर मामंजींच्या रिकाम्या कुंड्या ओळीने मांडलेल्या, आणि त्यातून जाळ निघत होता. शेजारपाजारचे लोक बादल्या घेऊन धावत आले होते. आत्याबाई हातात काठी घेऊन कुंड्या ढोसत शांतपणे उभ्या होत्या.

"राब भाजतीया," त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

मावळात भाताचं रोप टाकण्याआधी वाफ्यावर शेण, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर देऊन ते जाळतात. त्याला राब म्हणतात. राब भाजल्याशिवाय तिथं कुणी बी पेरत नाही. बाईंनी पदराच्या गाठीत आंबेमोहोराचं बी बांधून आणलं होतं. शेत नव्हतं, पण हंगाम तर आला होता. म्हणून त्यांनी कुंडीत राब भाजला. बादल्यांतलं पाणी ओतायला लोक पुढे झाले तेव्हा त्यांनी काठी उगारली.

मामंजी बाजारातून आले आणि त्याच वेळी एक कुंडी तडकली. चारचौघांत मामंजी पुण्याची भाषा बोलत, पण रागावले की मळवलीच्या पलीकडे जात.

"आक्के, डोकं फिरलंय व्हय तुजं? कुंडीत राब भाजत्यात का कुटं?"

"मंग खाचर दे. भाजते तितं."

"कुंडीत भात कुणी लावलाय?"

"कुंडीत फुलं लावनाऱ्याला कुनी इचारलं का, काय खानार म्हणून?"

लोक बादल्या घेऊन हसत परत गेले. मामंजींनी तडकलेली कुंडी उचलली, उलटीपालटी करून पाहिली, आणि रागाच्या भरात पैज लावली. मागच्या पडवीशेजारची मोडकी घमेली आणि रॉकेलचे कापलेले डबे तुझे. दिवाळीपर्यंत त्यात भात पिकवून दाखव. पिकला तर या घरात जन्मभर राहा, नाही पिकला तर निमूटपणे पुतण्याबरोबर जा. माझ्या कुंड्यांना आणि मसाल्याला हात लावायचा नाही.

"बरं," आत्याबाई म्हणाल्या, आणि जाळ विझल्यावर त्या कुंडीतली राख हळुवारपणे पदरात काढून घेतली.

पावसाळा लागला. एका घमेल्यात ती राख पसरून पेरलेली रोपं हातभर वाढली आणि आत्याबाईंनी पडवीमागे लावणी केली. एका डब्यात कितीशी रोपं मावणार, पण बाई पदर खोचून, वाकून, गाणं म्हणत लावत होत्या. मी गाण्याला मागून साथ दिली. ओसरीवर मामंजी शेवंतीची रोपं मोठ्या कुंड्यांत हलवत होते. खापरी, वाळू, माती, करवंटीने मसाला, साधी माती. दोघांनीही एकमेकांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि दोघांनाही समोरच्याने काय काय केलं ते बारकाव्यासकट माहीत होतं.

आषाढाच्या अखेरीस आत्याबाईंचा भात पिवळा पडायला लागला. राबाची राख धुऊन गेली होती आणि डब्यातल्या मूठभर मातीत दुसरा कस नव्हता. शेणखत घालायचं तर ते पावसात वाळणार कुठे? कोरडं, कुटून ठेवलेलं खत त्या भागात एकाच ठिकाणी होतं, आणि त्याची किल्ली करगोट्याला होती.

त्या दुपारी बाई माझ्याकडे आल्या. "पोरी, तुज्या केसातला आकडा दे. पायात काटा मोडलाय."

मी आकडा दिला. बाई पाय न बघता ओसरीच्या टोकाकडे गेल्या. मामंजी जेवून आत घोरत होते. थोड्याच वेळात पेटीचं झाकण कुरकुरलं. बाई ओटीत काहीतरी घेऊन आल्या आणि माझ्यासमोरून पडवीकडे गेल्या. मी विचारलं, "निघाला का काटा?"

"एकदम न्हाई निघायचा," त्या म्हणाल्या. "रोज वाईच काढावा लागंल."

आकडा त्यांच्याकडेच राहिला. त्यानंतर मामंजींच्या दुपारच्या झोपेवर माझी नेमणूक झाली. घोरणं थांबलं की मी स्वयंपाकघरात पातेलं खाली टाकायचं. एकदा पातेलं हातात नव्हतं म्हणून मी शिंकले, आणि मामंजींनी मला तुळशीचा काढा करून घ्यायला लावला. तो कडू काढा मी तीन वेळा प्यायले आणि तोंडही वाकडं केलं नाही. भात मात्र आठवड्याभरात हिरवागार झाला.

पेटीतला मसाला कमी होतोय हे मामंजींच्या लक्षात आलं. त्यांनी निष्कर्ष काढला की उंदीर. शेंगदाण्याच्या पेंडीला उंदीर लागणारच. नवऱ्याला सांगून त्यांनी पिंजरा आणवला, त्यात कांद्याचं भजं अडकवलं आणि पिंजरा पेटीत ठेवून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी पिंजरा तसाच उघडा, भजं नाही.

"हुशार जात असते," मामंजी म्हणाले.

"लय हुशार," आत्याबाई म्हणाल्या. "पर भज्यात मीठ कमी व्हतं म्हनं."

माझ्या हातातला तांब्या त्या दिवशी खरोखरच पडला. मामंजींनी बहिणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पेटीला कुलूप लावून ते फिरायला गेले. मी समजले, म्हातारा आता कानाने अधू होत चाललाय.

त्याच सुमाराला शेवंतीही पिवळी पडायला लागली. आधी खालची पानं, मग वरची. मामंजी हवालदिल झाले. त्या वर्षीच्या शेवंतीवर त्यांचा फार जीव होता, कारण त्यांचे जुने साहेब, खंडाळ्याला स्थायिक झालेले निवृत्त स्टेशनमास्तर, गणपतीत आमच्याकडे चहाला यायचे होते. सगळ्या नोकरीत या साहेबांनी मामंजींच्या कुंड्यांकडे पाहून फक्त 'हं' म्हटलं होतं. मामंजींना मरण्यापूर्वी एकदा 'वा' ऐकायचं होतं. पान पिवळं म्हणजे झाड उपाशी, असा त्यांचा हिशेब. म्हणून त्यांनी मसाला वाढवला. झाडं आणखी पिवळी पडली. त्यांनी आणखी वाढवला.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात घरात वास यायला लागला. पहिल्यांदा मला वाटलं, कुठे तरी ताक सांडलंय. मग मला वाटलं, म्हैस मेलीय. मामंजी म्हणाले, घूस असणार, कुठंतरी मेली वाटतं. मग शोध सुरू झाला. नवरा रात्रपाळी करून आलेला, त्याला तसाच माळ्यावर चढवला. मी कपाटं ओढली. आत्याबाईंनी गोधड्या झटकल्या. घूस सापडली नाही. वास वाढतच गेला आणि उदबत्त्यांनी तो जास्तच पवित्र झाला.

साहेब ठरल्या दिवशी आले. पांढरी टोपी, हातात चांदीच्या मुठीची काठी. ओसरीवर पाऊल ठेवताच त्यांनी नाकाला रुमाल लावला. मामंजी म्हणाले, "घूस मेलीय साहेब कुठंतरी, सापडत नाही."  साहेब कुंड्यांच्या रांगेसमोर उभे राहिले, वाकले आणि काठीचं टोक पहिल्या कुंडीत खुपसलं. काठी चिखलात रुतावी तशी आत गेली. बुडबुडे आले. बुडबुड्यांबरोबर जे आलं त्याने मी पदर नाकाला लावून आत पळाले, आणि खिडकीतून बघत राहिले, कारण हे चुकवणं शक्य नव्हतं.

साहेबांनी कुंडी तिरपी करून तिच्या बुडाखाली बोटं घातली. "अहो," ते म्हणाले, "भोक कुठंय?"

मामंजींनी दुसरी कुंडी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्या कुंड्यांची भोकं चिकणमाती आणि भाताचं तूस मळून पक्की बुजवलेली होती. आत दीड-दोन महिन्यांचं पाणी, आणि पाण्यात कुजत पडलेला सगळा मसाला. पावसाळ्यात लोणावळ्यात ओसरीवरची फरशी कायम ओलीच. कुठलं पाणी कुठून आलं हे कुणाला कळणार? बुडातून निथळतंय अशीच मामंजींची समजूत होती.

तेवढ्यात चहाचं तबक घेऊन आत्याबाई बाहेर आल्या. सगळे कुंड्यांची बुडं बघतायत हे पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"म्याच बुजवली," त्या म्हणाल्या. "समद्या कुंड्या गळत व्हत्या. खेकड्यांनी बांधाला पाडावीत तशी भोकं. तुला सांगितलं न्हाई, म्हनलं उगी भांडनं. लावनी झाल्यावर लगीच बुजवून घेतली, आन् तू निजला की वाईच पानी बी घालत व्हते."

मावळातला माणूस पावसाळ्यात बांधावरून जाताना खेकड्याचं भोक दिसलं तर ते दुसऱ्याच्या शेताचं असलं तरी पायाने बुजवतो. गळती दिसली आणि तशीच सोडून गेला तर तो माणूस कसला? पाणी उभं राहिलं तरच पीक, एवढं बाईंना जन्मापासून ठाऊक. भावाशी भांडण होतं, पण भावाच्या बांधाशी नव्हतं.

साहेब रुमालाआडून हसायला लागले. हसत हसत ते चहा न घेता पायऱ्या उतरले, आणि फाटकाशी वळून म्हणाले, "वा."

मामंजी ओसरीवर बसले ते बसलेच. ओरडले असते तर बरं झालं असतं. आत्याबाईंनी दोन-तीनदा त्यांच्याकडे पाहिलं, मग एका कुंडीजवळ जाऊन रोप हलकेच वर ओढलं. ते मुळासकट हातात आलं. मूळ काळं पडलेलं. बाईंनी ते बराच वेळ हातात धरलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आयुष्यभर ज्या हाताने रोप जगवलं, त्याच हाताने त्यांनी भावाची सगळी रांग बुडवून मारली होती. संध्याकाळी पाहिलं तर त्यांचं बोचकं बांधून तयार. मी म्हटलं, पैज तर दिवाळीपर्यंतची आहे. त्या म्हणाल्या, "कसली पैज? मी हारली."

मला इतका राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं. मी तो मामंजींवर काढला. ओसरीवर जाऊन म्हटलं, "आत्याबाई निघाल्यात. तुम्ही काही बोलणार आहात की फक्त कुंड्यांशीच बोलता?" सुनेने असं बोलायचं ते दिवस नव्हते. 

मामंजी उठले, बोचक्याजवळ गेले आणि बहिणीला म्हणाले, "दिवाळीला जायचं ठरलंय ना, मग दिवाळीला जा. आत्ताच गेलीस तर ही घाण कोण उपसणार? मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दोघं बहीणभाऊ पडवीत बसून ती घाण उपसत होते. नाकाला फडकी बांधून. मामंजी रोप काढत, आत्याबाई मूळ धुवत, काळं कापत, पांढरं ठेवत. काहींत जीव होता. मग कोरडी माती, खापरी, वाळू. बाई खापरीकडे संशयाने बघत, पण ठेवत. शेवटी मसाल्याची वेळ आली. मामंजींनी पेटी उघडली, आत पाहिलं आणि जरा वेळ तसेच वाकून राहिले. पेटी निम्म्याहून रिकामी होती. मी चुलीपाशी जाऊन उगाच लाकडं सरकवायला लागले.  करवंटीची पळी त्यांनी बहिणीच्या हातात दिली आणि म्हणाले, "मुळाला लावू नकोस."

"न्हाई लावत," बाई म्हणाल्या.

दिवाळीपर्यंत शेवंतीची जगलेली रोपं कशीबशी कळ्यांवर आली. बोराएवढी फुलं, तीही मोजकीच. आणि पडवीमागे रॉकेलच्या डब्यांत भात पिकला. लोंब्या पिवळ्या झाल्या, वाकल्या. बाईंनी विळ्याने कापणी केली, पायाने मळणी केली, उखळात कांडलं. सगळे तांदूळ एका सुपात मावले आणि सूप बरंचसं रिकामं राहिलं. पण त्यातले मूठभर शिजवून पाहिले तेव्हा आंबेमोहोराचा वास रस्त्यापर्यंत गेला. भाद्रपदातल्या त्या दुसऱ्या वासाची भरपाई झाली असं शेजारणीने मला आडावर सांगितलं. पैज त्यांनी जिंकली होती. पण बोचकं पुन्हा बांधलेलं होतं. मी विषय काढला की बाई म्हणत, "भात पिकला खरा, पर शेवंती मारली. फिट्टंफाट. जिंकायचं काय त्यात?"

भाऊबीजेला पुतण्या आला. भला माणूस, घाईत असलेला, गाडीची वेळ विचारणारा. आत्याबाईंनी पाट मांडला, रांगोळी काढली. मामंजी नवं धोतर नेसून पाटावर बसले. बाईंनी डब्यातल्या तांदळाच्या अक्षता लावल्या, ओवाळलं, आणि तबक खाली धरून उभ्या राहिल्या. आता ओवाळणी घालायची.

मामंजी धोतराच्या कमरेशी खटपट करायला लागले. काय चाललंय ते कुणालाच कळेना. पुतण्या बिचारा दुसरीकडे बघायला लागला. करगोट्याची गाठ वर्षानुवर्षांची, ती सुटेना. शेवटी मला म्हणाले, "सूनबाई, कात्री आण." मी आणली. त्यांनी गाठ कापली आणि पेटीची पितळी किल्ली बहिणीच्या तबकात टाकली. निरांजनाशेजारी ती खणकन वाजली.

"ठेव तुझ्याकडं," ते म्हणाले. आणि मग, माझ्याकडे मुद्दाम न बघता, "म्हंजी उंदराला कुलपाशी खटपट नको. आन् भज्यात मीठ पुढच्या बारीला बराबर घालू."

आत्याबाई तबक धरून तशाच उभ्या होत्या. मग एका हाताने किल्ली उचलून त्यांनी ती कमरेला खोचली. पुतण्याने हळूच विचारलं, "मंग काकी, गाडीची वेळ..." तेव्हा मीच त्याला सांगितलं की जेवून जा, काकींना शेवंतीची रोपं हलवायचीत.

जेवताना त्या भाताचा प्रत्येकाच्या वाट्याला एकेक मूद आली. मामंजींनी दुसऱ्यांदा भात मागितला, आणि तो संपला हे कळल्यावर डबे कमी पडले म्हणून कुरकुर केली. पुतण्या एकटाच गाडीला गेला. मी बोचकं सोडून त्यातली लुगडी फडताळात, माझ्या दागिन्यांशेजारी ठेवली.

संध्याकाळी मी वेणी घालत असताना आत्याबाई मागून आल्या, आणि माझा आकडा मला परत दिला. कुलपात शिरून शिरून तो पार वाकडा झाला होता.